उज्जैन ते पैठण: दक्षिणापथावर दहा जणांचा अभ्यासदौरा कसा आखावा

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरमधल्या एका मराठी वाचन-मंडळातल्या दहा-बारा जणांना दक्षिणापथानं, म्हणजे उज्जैनहून पैठणला जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेनं, जाणकार मार्गदर्शक बरोबर घेऊन दौरा करायचा आहे. वयं चाळीस ते सत्तर. किती दिवस लागतील, वाहन कोणतं घ्यावं, वाटेत काय बघावं आणि अशा दौऱ्यात नेमकं काय बिघडतं?

पहिली गोष्ट: यादी करायला बसू नका, नकाशा घ्या आणि त्यावर पट्टी ठेवा. उज्जैन, महेश्वर, अजिंठा आणि पैठण ही चारही ठिकाणं ७५.३ ते ७५.८ अंश पूर्व रेखांशाच्या अरुंद पट्ट्यात, जवळजवळ एका उभ्या रेषेत आहेत. उज्जैन ते पैठण सरळ अंतर सुमारे ४१० किलोमीटर. या रेषेला आडवे येतात विंध्याचा कडा, नर्मदा, सातपुडा, तापी आणि अजिंठ्याची डोंगररांग, आणि शेवटी गोदावरी. बैलांचा तांडा कुठूनही उतरू शकत नाही आणि कुठूनही नदी ओलांडू शकत नाही. म्हणून माळावरच्या वाटा शतकागणिक इकडेतिकडे सरकल्या, घाट आणि नदीचे उतार, म्हणजे नदी ओलांडायच्या जागा, मात्र फारसे हलले नाहीत. तुमचा दौरा या घाटांवर आणि उतारांवर बेतलेला असावा. लेणी, किल्ले, मंदिरं त्यांच्या आजूबाजूला आपोआप येतात, कारण ती बांधणारेही तिथेच थांबत होते.

या वाटेला आधार काय, हे सगळ्यांना निघण्याआधी सांगा. सुत्तनिपात या पाली बौद्ध ग्रंथातल्या पारायण वग्ग या भागात गोदावरीकाठच्या बावरी नावाच्या गुरूचे शिष्य उत्तरेकडे जातात तेव्हा वाटेतली गावं क्रमानं येतात: पतिट्ठान (पैठण), माहिस्सती (माहिष्मती), उज्जेनी (उज्जैन), गोनद्ध, वेदिसा आणि पुढे कौशांबी, साकेत, श्रावस्ती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात उज्जैनहून भडोचला अकीक आणि मलमल जात असल्याचं लिहिलं आहे. पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आजचं तेर, तिथून आणखी दहा दिवसांवर, असंही त्यात आहे. भडोच–पैठण सरळ अंतर साधारण ३५० किलोमीटर, म्हणजे दिवसाकाठी सतरा-अठरा, आणि वळणं धरली तर वीसच्या पुढे. हा वेग लक्षात ठेवा, दौऱ्यात तो रोज उपयोगी पडतो: गाडीनं तासाभरात गाठलेलं ठिकाण तांड्याला दोन-तीन मुक्कामांवर होतं.

माहिष्मती म्हणजे महेश्वर की ओंकारेश्वर-मांधाता, हा वाद जुना आहे. महेश्वरच्या बाजूनं मत अधिक आहे, पण मार्गदर्शकानं दोन्ही बाजू सांगाव्यात. पैसे मोजून आलेल्या माणसाला एकच ठाम गोष्ट सांगून मोकळं होणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता माणसं. दहा प्रवासी, एक मार्गदर्शक, एक चालक. बारा झाले तरी चालतील, चौदा नकोत. दहा जणांना मार्गदर्शकाचा आवाज लेण्यात ओरडल्याशिवाय पोचतो. दहा जण नर्मदेत एका नावेत बसतात. चहा-स्वच्छतागृहाचा थांबा वीस मिनिटांत उरकतो. हाच थांबा वीस जणांना पाऊण तास घेतो, आणि दिवसात असे चार थांबे असतात. संध्याकाळी घाटात अंधार होतो तो या हिशेबामुळे.

वाहन सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्या, बारा आसनी नको. बारा आसनीत बारा माणसं बसली की सामान पायात येतं आणि तिसऱ्या दिवशी गुडघे बोलू लागतात. पाटी पिवळी आणि अखिल भारतीय पर्यटक परवाना चालू असलाच पाहिजे, कारण दोन राज्यं ओलांडायची आहेत. परवान्याची, विम्याची आणि फिटनेसची प्रत निघण्याआधी स्वतः बघा. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं घेऊ नका, अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

भाड्याची बोलणी करताना एक अडचण हमखास येते. गाडीवाले बहुतेक दिवसाला किमान २५० किलोमीटर धरतात. खाली सुचवलेला आठ दिवसांचा फेरा साधारण १,१०० किलोमीटरचा आहे, पण त्या हिशेबानं बिल २,००० किलोमीटरचं होतं. म्हणून दिवसाचं भाडं आणि डिझेल वेगळं ठरवा, चालकाचा भत्ता, टोल आणि त्याची झोपायची खोली लेखी घ्या. चालक गाडीत झोपणार असेल तर तो दुसऱ्या दिवशी घाट उतरवणार आहे, हे विसरू नका.

उज्जैन मुख्य दौऱ्यात घालू नका. ते दोन आठवडे आधी एका दिवसाच्या सहलीत उरका. इंदूरहून ते जेमतेम ५५ किलोमीटरवर आहे, आणि ही सहल मंडळाची परीक्षाही होते: कोण वेळेवर येतं, कुणाला दोन किलोमीटर चालवत नाही, कुणाला दर तासाला थांबा लागतो, हे घरापासून तासाभराच्या अंतरावर कळलेलं बरं. महाकालाचं दर्शन त्या दिवशी ठेवलं तर अर्धा दिवस रांगेत जातो, श्रावणात आणि सोमवारी त्याहून जास्त. ज्यांना दर्शन घ्यायचं आहे त्यांनी पहाटे वेगळं जाऊन यावं. सगळ्यांनी मिळून बघायचं ते गढकालिकेच्या परिसरातलं जुनं उज्जैन. १९५० च्या दशकातल्या उत्खननात इथे मातीची प्रचंड तटबंदी आणि मणी घडवण्याच्या कामाचे अवशेष मिळाले. तट आज मातीच्या उंचवट्यासारखा दिसतो, दाखवल्याशिवाय कळत नाही. मग वैश्य टेकरी, म्हणजे विटांच्या मोठ्या स्तूपाचा ढिगारा. अशोक उज्जैनला प्रांताधिकारी होता आणि त्याची पत्नी देवी ही विदिशेच्या व्यापाऱ्याची मुलगी, ही बौद्ध परंपरेतली हकिकत इथेच सांगावी. सांचीच्या कठड्यांवरच्या दानलेखांत उज्जैनच्या दात्यांची नावं मोठ्या संख्येनं आहेत, माहिष्मतीचीही आहेत. त्यातली दहा-बारा नावं छापून हातात द्या. वाटेवरची माणसं नावानिशी समोर आली की ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो. २०२८ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची कामं चालू आहेत, तेव्हा आदल्या दिवशी कोणता रस्ता बंद आहे ते विचारून घ्या.

दौऱ्याआधीची बैठक इंदूरच्या केंद्रीय संग्रहालयात घ्या (सोमवारी बंद असतं). होळकर संस्थानाच्या काळात, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात, कसरावदजवळ इतबर्डी इथे उत्खनन होऊन बौद्ध स्तूप आणि विहाराचे अवशेष उजेडात आले. हे काम संग्रहालयाचे अभिरक्षक द. बा. डिसकळकर यांच्या हातचं. आपल्याच शहरातल्या मराठी विद्वानानं या वाटेवरचा मुक्काम शोधला, हे मंडळाला माहीत असायला हवं.

दौरा सोमवारी सुरू करा. गुरुवारी निघालात तर पाचवा दिवस सोमवार येतो आणि अजिंठा सोमवारी बंद. वेरूळ मंगळवारी बंद असतं, पण ते या दौऱ्यात घेऊच नका, कितीही आग्रह झाला तरी. शनिवार-रविवारी महेश्वरच्या घाटावर इंदूरचीच निम्मी माणसं असतात, सोमवारी निघाल्यानं तीही गर्दी टळते. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. मार्चअखेरीपासून निमाड आणि खानदेश तापतात, दुपारी बारानंतर उघड्यावर उभं राहून कुणी काही ऐकत नाही. दिवाळीचा आठवडा आणि २५ डिसेंबर ते १ जानेवारी टाळा.

पहिला दिवस, इंदूर ते महेश्वर, ९५ किलोमीटर. आग्रा-मुंबई महामार्गानं मानपूरवरून न जाता महूहून जाम घाटानं उतरा. पोहे-जिलबी आटोपून सात वाजता निघालं की नऊच्या आत जाम दरवाजाशी पोचता. अहिल्याबाईंच्या काळातलं हे प्रवेशद्वार माळव्याच्या पठाराच्या अगदी काठावर उभं आहे. पलीकडे जमीन एकदम खाली जाते: इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर, महेश्वर १५० च्या आसपास. विंध्य म्हणजे डोंगर नसून पठाराची तुटलेली कड आहे, हे पुस्तकात दहा वेळा वाचून समजत नाही, इथे पाच मिनिटांत समजतं. तासभर थांबा. चालकाला घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला सांगा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात, जळका वास येतो, आणि मग पकड कमी होते. वास आलाच तर बाजूला घेऊन अर्धा तास थंड होऊ द्या, चाकावर पाणी ओतू नका. महूनंतर मंडलेश्वरपर्यंत स्वच्छतागृहाची नीट सोय धरू नका.

दुसरा दिवस पूर्ण महेश्वरचा, आणि माझ्या मते दौऱ्यातला सगळ्यात मोलाचा. किल्ला, घाट, साड्यांचे माग हे बहुतेकांनी आधी पाहिलेलं असतं. सकाळी आठला नावेनं समोरच्या काठावर नावडातोलीला जा. १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ ते ५९ मध्ये हसमुख सांकलियांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं इथे खणलं. पहिल्या हंगामात बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठही बरोबर होतं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती, गोल आणि चौकोनी झोपड्या, गहू, आणि लालसर भांड्यांवर काळी नक्षी असलेली माळवा खापरं निघाली. आज तिथे शेतं आणि मातीचे उंचवटे आहेत, म्हणून खणलेल्या थरांची आणि भांड्यांची मोठ्या आकारातली चित्रं हातात असल्याशिवाय जाऊ नका, नाहीतर ‘इथे काय बघायचं’ हा प्रश्न येणारच. पडलेलं खापर उचलून खिशात घालायचं नाही, हे नावेतच सांगा.

नावेबद्दल तडजोड नको. प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट, नावाड्याकडे जाकिटं कमी असतील तर दोन फेऱ्या. वर ओंकारेश्वरचं धरण आहे, पाणी सोडलं की पातळी आणि ओढ बदलते. त्या सकाळी घाटावर विचारून मगच बसायचं. नंतर गाडीनं सहस्रधारेला जा: नर्मदा बेसॉल्टच्या खडकांतून फुटून वाहते ती जागा. नदी खोल कुठे, खडकाळ कुठे आणि माणसं ओलांडायला जागा कशी शोधत, ते इथे डोळ्यांनी दिसतं. खडक शेवाळलेले असतात, चपला घालून पाण्यात उतरू नये. दुपारी कसरावदकडे, इतबर्डी. दिसायला फार नाही, पण नदी ओलांडल्यावरच्या पहिल्याच टप्प्यात विहार असणं, हाच वाटेचा पुरावा.

महेश्वरहून दक्षिणेला सातपुडा सरळ आडवा येतो. तांड्याला दोनच सोयीच्या वाटा: पूर्वेला असीरगड-बऱ्हाणपूरची खिंड, नाहीतर पश्चिमेला सेंधव्याजवळचा बिजासन घाट. प्राचीन काळी कोणती जास्त वापरात होती यावर वाद घालत बसण्यापेक्षा दोन्ही बघा. जाताना पूर्वेची, येताना पश्चिमेची.

तिसरा दिवस खरगोन, भीकनगाव करत असीरगडला. एकूण १६५ किलोमीटर, पण रस्ता हळू आहे, पाच तास धरा. असीरगडावरून खिंड हाताच्या तळव्यासारखी उघडी दिसते. १६०१ मध्ये अकबरानं हा किल्ला घेतला तेव्हा दख्खनचं दार उघडलं असं म्हणत. आजची खंडवा-भुसावळ रेल्वेही याच फटीतून जाते, तो रूळ वरून दाखवा. गडावर पाणी बरोबर न्यावं लागतं आणि चारनंतर चढू नये.

बऱ्हाणपूरला मुक्काम. इथली मावा जिलबी घेतल्याशिवाय मंडळ हलणार नाही, तो वेळ आधीच धरा. चौथ्या दिवशी सकाळी कुंडी भंडारा: १६१५ मध्ये, मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानांच्या कारकिर्दीत सुरू झालेली भूमिगत जलव्यवस्था. सातपुड्यातून झिरपणारं पाणी बोगद्यात गोळा होतं आणि शंभरावर कुंड्यांच्या साखळीतून उतारानंच शहरापर्यंत येतं. खाली जायला उद्वाहक आहे, तो चालू आहे का ते आदल्या संध्याकाळी विचारा. बंद जागेत ज्यांचा जीव घाबरा होतो त्यांनी वरच थांबावं. मग तापी ओलांडून मुक्ताईनगर, जामनेर, पहूर करत फर्दापूर. १०५ किलोमीटर. जेवणाला शेवभाजी किंवा भरीत-भाकरी, पण तिखटाची कल्पना आधी द्या, माळव्यातल्या जिभेला त्याची सवय नसते.

पाचवा दिवस अजिंठा. गाडी फर्दापूर तिठ्यावर थांबते, तिथून चार किलोमीटर लेण्यांच्या बसनं. नऊला दार उघडतं, पहिल्या बसमध्ये असा. सगळी लेणी बघायचा हट्ट इथे दौरा बिघडवतो. वाटेच्या दृष्टीनं ९, १० आणि १२ ही सातवाहनकालीन लेणी आधी करा. बाराव्यात व्यापाऱ्याच्या दानाचा लेख आहे. मग १, २, १६, १७. सोळाव्यातला लेख वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा. क्रमांकाप्रमाणे न गेल्यानं चालणं थोडं वाढतं, पण ताज्या डोक्यानं जे बघायचं ते बघून होतं. गुडघेदुखी असेल त्यांना डोली मिळते, दर आधी ठरवा. परवानाधारक गाईड घ्या आणि तुमच्या मार्गदर्शकानं त्याच्याशी आदल्या दिवशी बोलून विषय वाटून घ्यावा. दोघं एकमेकांना छेद देत बोलू लागले की ऐकणारे बाहेर जाऊन बसतात. तीनला निघून अजिंठा घाट उजेडात चढा, छत्रपती संभाजीनगर शंभर किलोमीटर.

सहावा दिवस पैठण, ५० किलोमीटर. नागघाट, तीर्थखांब, जुन्या वस्तीचा पालथी नगरी म्हणतात तो भाग, नाथांचा वाडा आणि समाधी. नाथषष्ठीच्या दिवसांत इथे पाय ठेवायला जागा नसते. पैठणहून भडोचकडे अकीक मोठ्या प्रमाणात जात असे, म्हणून गावातल्या संग्रहालयात मण्यांची पेटी बघताना वेळ द्या.

सातवा दिवस सगळ्यात अवघड: पितळखोरे. कन्नडच्या बाजूनं, गौताळा अभयारण्याच्या परिसरात, संभाजीनगरहून ८० किलोमीटर. इथल्या लेखांत पैठणच्या गंधिक, म्हणजे अत्तर-सुगंधी द्रव्यांच्या व्यापारी कुळातल्या मितदेवाचं दान नोंदलेलं आहे, आणि यक्षमूर्तीवर कान्हदास सोनारानं ती घडवल्याचं कोरलं आहे. आदल्या दिवशी पैठण बघून आलेल्या माणसाला पैठणच्या व्यापाऱ्याचं नाव घाटमाथ्यावरच्या लेण्यात भेटतं. या एका जागेसाठी हा क्रम ठेवला आहे. उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत आणि परत चढायच्या आहेत. ज्यांना झेपणार नाही त्यांच्यासाठी वर सावलीत बसायची सोय आणि सोबत एक माणूस ठेवा. कड्यांवर आग्यामोहोळ असतात: अत्तर लावू नका, धूर करू नका, आरडाओरड नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता, तोंड झाकून शांतपणे मागे फिरा. ॲलर्जी कुणाला आहे हे नोंदणी करतानाच विचारा. इथे पाणी, खाणं, स्वच्छतागृह काहीही धरू नका, कन्नडला सगळं उरका. गाडीत वीस लिटरचे दोन जार कायम हवेत, माणशी दिवसाला तीन लिटर लागतं.

मग कन्नड घाट उतरून चाळीसगाव, धुळे. हा घाट दरडींमुळे बंद होतो आणि जड वाहनांना तिथे मनाई झालेली आहे, टेम्पो ट्रॅव्हलर जातो का हे त्या आठवड्यात विचारून घ्या. आठव्या दिवशी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाचं संग्रहालय, मग सेंधव्याचा बिजासन घाट चढून-उतरून इंदूर, अडीचशे किलोमीटर. हा घाट ट्रकांनी भरलेला असतो, दुपारी चारच्या आत पार करा.

पैशांचा हिशेब करताना गाडी, चालक, मार्गदर्शक, गाईड हा ठरलेला खर्च वेगळा काढा. समजा तो १,२०,००० आला: दहा जणांत १२,००० पडतात, आठ जणांत १५,०००. वर्गणी आठ जणांवर धरून ठरवा, कारण शेवटच्या आठवड्यात दोघं तरी गळतात. उरलेले पैसे परत द्या. आरक्षणाचा क्रम असा ठेवा: आधी फर्दापूर आणि महेश्वरच्या खोल्या, कारण तिथे चांगल्या खोल्या मोजक्याच, मग गाडी, शहरांतल्या खोल्या शेवटी.

कुणाला मध्येच परतावं लागलं तर बऱ्हाणपूर आणि जळगाव ही मुख्य रेल्वेमार्गावरची स्थानकं, आणि संभाजीनगरहून इंदूरला रात्रीच्या बसगाड्या मिळतात. महेश्वरला असताना प्रकृती बिघडली तर जवळच्या गावात शोधत न बसता थेट इंदूरला न्यावं, दोन-अडीच तासांत पोचता येतं. प्रत्येकाच्या औषधांची यादी, रक्तगट आणि घरचा एक क्रमांक छापून एक प्रत मार्गदर्शकाकडे, एक चालकाकडे ठेवा.